दादाभाईंना भारतमंत्री करण्याआधी

तुमचा प्रश्न मला समजला तो थोडक्यात असा. तुम्ही दादाभाई नौरोजींना नायक करून पर्यायी इतिहासाची कादंबरी लिहीत आहात. १८९२ मध्ये दादाभाई ब्रिटिश पार्लमेंटवर निवडून येतात, इथपर्यंत सगळे खरे आहे. त्यानंतर तुमच्या कथेत उदारमतवादी पंतप्रधान ग्लॅडस्टन त्यांना भारतमंत्री, म्हणजे लंडनच्या मंत्रिमंडळात हिंदुस्थानचा कारभार पाहणारा मंत्री करतात, १८९५ मध्ये हिंदुस्थानच्या स्वराज्याचे विधेयक मंजूर होते आणि विसावे शतक उजाडते तेव्हा मुंबईत लोकांनी निवडलेले सरकार बसलेले असते. हस्तलिखित वाचलेल्या तिघांनीही ‘पटत नाही’ एवढेच सांगितले. तुमचे म्हणणे असे, की जे घडलेच नाही तेच लिहायचे असेल तर पटण्याचा प्रश्न येतो कुठे; आणि दुसरे असे, की खऱ्या आणि मोठ्या माणसाला पात्र म्हणून वापरताना किती मोकळीक घ्यावी. सोबत दिलेले हस्तलिखित मी वाचले.

मी ऐतिहासिक कथा लिहितो, आणि त्याहून जास्त वेळ दिवाळी अंकांसाठी आलेल्या इतरांच्या कथांवर संपादक म्हणून घालवतो. ‘पटत नाही’ हा शेरा मी इतरांच्या कागदांवर अनेकदा मारला आहे आणि माझ्या कागदांवर मारलेलाही पाहिला आहे, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

तुमच्या वाचकांना इतिहास बदललेला खटकलेला नाही, असे मला वाटते. एक बदल वाचक आनंदाने मान्य करतो. त्यासाठीच तो हे पुस्तक हातात घेतो. पण तुमच्या कथेत दादाभाई जसजसे पुढे सरकतात तसतशी त्यांच्या वाटेतली माणसे आपण होऊन बाजूला होतात. हुजूरपक्षाचे (कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाचे) नेते सॉलिस्बरी गप्प बसतात, लॉर्ड मंडळी टाळ्या वाजवतात, कलकत्त्याचे व्हाइसरॉय पत्र वाचून विरघळतात. म्हणजे कागदोपत्री तुम्ही एकच गोष्ट बदलली आहे, पण प्रत्यक्षात पन्नास बदलल्या आहेत आणि त्यांतल्या एकोणपन्नास वाचकाला न सांगता. माझी स्वतःची पद्धत अशी की परिस्थिती एकाच जागी बदलावी, माणूस होता तसाच ठेवावा, आणि त्या नव्या जागी तो माणूस कसा अडचणीत येतो त्याची गोष्ट लिहावी.

हे सगळे तुम्हाला काय लिहायचे आहे त्यावर अवलंबून आहे, हेही मान्य करतो. तुम्ही प्रहसन लिहीत असाल किंवा स्वप्नरंजन हाच हेतू असेल, तर पुढचे बरेचसे तुमच्या उपयोगाचे नाही. प्रहसनात दादाभाई राणीला हिशेब शिकवू शकतात आणि वाचक हसून पुढे जातो. तुमचे हस्तलिखित मात्र गंभीर आहे. त्यात तारखा आहेत, खरी ठिकाणे आहेत, आणि वाचकाने ‘हे होऊ शकले असते’ असे म्हणावे ही अपेक्षा दिसते. त्या अपेक्षेला धरूनच पुढचे लिहितो.

प्रथम, इतिहासाला फाटा कुठे फोडायचा ते पाहू. मराठीत असा प्रयोग म्हटला की आपले मन थेट पानिपतावर जाते, कारण लढाईत एक गोळी इकडची तिकडे झाली तरी पुरते. राजकारणी माणसाच्या आयुष्यात गोळ्या नसतात. तिथे मते, नियम, तारखा आणि दुसऱ्यांच्या सह्या असतात. फाटा तिथेच फोडावा लागतो जिथे तराजूचा काटा खरोखरच मधोमध होता. तुमच्या नायकाबाबतीत अशी एक जागा सगळ्यांना माहीत आहे. लंडनमधल्या सेंट्रल फिन्सबरी मतदारसंघात दादाभाई कॅप्टन पेन्टन या हुजूरपक्षीय उमेदवारावर इतक्या थोड्या मतांनी निवडून आले की मताधिक्य काही ठिकाणी तीन तर काही ठिकाणी पाच असे नोंदलेले आढळते. त्यावरून त्यांच्या आडनावाशी खेळून ‘नॅरो मेजॉरिटी’ अशी थट्टाही झाली. क्लार्केनवेलच्या घड्याळकारांच्या गल्लीतल्या एखाद्या कुटुंबाला त्या दिवशी ताप आला असता, तरी दादाभाई पडले असते.

गंमत अशी की तुम्ही ही जागा वापरलेलीच नाही. तुम्ही दादाभाईंना घडले तसे निवडून आणता आणि फाटा त्यानंतर, मंत्रिपदाच्या वेळी फोडता. तिथे काटा मधोमध नव्हता. तिथे तीन भिंती होत्या आणि तुमच्या हस्तलिखितात त्या तिन्ही दिसत नाहीत. मंत्रिमंडळात गोऱ्या सहकाऱ्यांची मने कशी वळवायची, ही पहिली भिंत तुम्हीही जाणता. तिच्यावर थांबत नाही. उरलेल्या दोन फार थोड्या लेखकांना माहीत असतात आणि कादंबरीला त्या जास्त उपयोगाच्या आहेत.

त्या काळी कॉमन्स सभेच्या सदस्याने राजाच्या नेमणुकीचे मंत्रिपद स्वीकारले, की त्याची जागा रिकामी होत असे आणि त्याला आपल्या मतदारसंघातून पुन्हा निवडून यावे लागत असे. ही अट पहिल्या महायुद्धानंतर आधी सैल झाली आणि १९२६ मध्ये पूर्ण गेली. एरवी विरोधी पक्ष अशा वेळी बहुधा उमेदवार देत नसे, पण ते सौजन्य हक्काचे नव्हते. विन्स्टन चर्चिल १९०८ मध्ये पहिल्यांदा मंत्रिमंडळात गेले तेव्हा मँचेस्टरच्या अशाच पोटनिवडणुकीत पडले आणि त्यांना डंडीहून दुसरी जागा शोधावी लागली. आता तुमच्या कथेकडे पाहा. जुलै १८९२ मध्ये बोटांवर मोजण्याइतक्या मतांनी निवडून आलेला माणूस ऑगस्टमध्ये भारतमंत्री होतो. म्हणजे सप्टेंबरच्या आत त्याच क्लार्केनवेलमध्ये, त्याच पेन्टनसमोर पुन्हा उभा राहतो. पेन्टन घराण्याच्या नावाने तिथे पेन्टनव्हिल ही वस्ती आहे, आणि तो माणूस पहिल्या निकालालाही आव्हान देणारा होता; तो सौजन्याने घरी बसेल असे मला वाटत नाही. ग्लॅडस्टनसारखा साठ वर्षे पार्लमेंटमध्ये मुरलेला माणूस हे गणित पाहून त्या कागदावर सही करील का?

शेवटची भिंत म्हणजे लॉर्ड सभा, पार्लमेंटचे वरिष्ठ सभागृह. १८९२ चे उदारमतवादी सरकार आयरिश सभासदांच्या पाठिंब्यावर टिकून होते आणि त्याचे मुख्य काम आयर्लंडला स्वायत्तता देणे हे होते. ते विधेयक सप्टेंबर १८९३ मध्ये कॉमन्समध्ये कसेबसे मंजूर झाले आणि आठवडाभरात लॉर्ड सभेने ४१९ विरुद्ध ४१ मतांनी फेटाळले. लॉर्डांचा हा नकाराधिकार १९११ पर्यंत शाबूत होता. शेजारच्या बेटाला, पंतप्रधानाने स्वतःची सगळी पत पणाला लावूनही, जे मिळाले नाही, ते हजारो मैल दूर असलेल्या हिंदुस्थानला दोन वर्षांनी त्याच सभेकडून मिळते असे तुम्ही लिहिता. तुमच्या वाचकांना हे आकडे माहीत असतीलच असे नाही, पण वजन न उचलता जिंकलेली कुस्ती ओळखायला आकडे लागत नाहीत.

मग दादाभाईंना सत्तेजवळ न्यायचेच नाही का? न्यावे, पण एक पायरी खाली. १८९२ ला भारतमंत्री झालेले लॉर्ड किंबर्ली हे लॉर्ड सभेत बसत, त्यामुळे कॉमन्समध्ये हिंदुस्थानविषयीच्या प्रश्नांना उत्तरे देण्याचे काम त्यांच्या उपमंत्र्याकडे होते. उपमंत्रिपदाला फेरनिवडणुकीची ती अट लागत नसे. खऱ्या इतिहासात हे पद जॉर्ज रसेल यांना मिळाले, आणि त्या पदावर हिंदी माणूस बसायला १९१९ उजाडले. सत्येंद्र प्रसन्न सिन्हांना लॉर्ड करून ते दिले गेले. म्हणजे अशी नेमणूक सत्तावीस वर्षे आधी झाली, एवढाच एक बदल तुम्हाला मागावा लागतो. ग्लॅडस्टनना हिंदुस्थानातल्या असंतोषावर स्वस्तातला उपाय हवा होता असे कारणही देता येते. एवढी उधारी वाचक आनंदाने देतो.

आणि आता तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे, म्हणजे माणसाकडे, कारण उपमंत्रिपदाची खरी मजा तिथे आहे. दादाभाई हा आकड्यांचा माणूस होता. एल्फिन्स्टन कॉलेजात गणित शिकवलेला हा प्राध्यापक आयुष्यभर रागावला तो बहुधा कोष्टके मांडून. १८७६ मध्ये त्यांनी हिंदुस्थानचे दरडोई वार्षिक उत्पन्न सुमारे २० रुपये आहे असे मांडले. नुसते मांडून थांबले नाहीत, तर तुरुंगातल्या कैद्याच्या शिध्यावर, म्हणजे पीठ, डाळ, मीठ, तूप आणि अंगावरचा कपडा यांवर सरकार स्वतः काय खर्च करते ते सरकारच्याच अहवालांतून काढून, माणसाला नुसते जगायला वर्षाला त्याहून जास्त लागते असा हिशेब शेजारी ठेवला. कैद्यापेक्षा मोकळा रयत उपाशी आहे, हे वाक्य त्यांना वेगळे उच्चारावे लागले नाही. दोन आकडे शेजारी आले की ते आपोआप ऐकू येते. पुढे १८८२ मध्ये बेरिंग आणि बार्बर या सरकारी अधिकाऱ्यांनी दरडोई २७ रुपये असा अंदाज काढला आणि सरकार तो पुढे करू लागले.

तुमच्या सातव्या प्रकरणात भारतमंत्री दादाभाई कॉमन्समध्ये उभे राहून दोन पाने गर्जना करतात, बाके दणाणतात, विरोधकांच्या माना खाली जातात. हे भाषण तुमचे आहे. ते १८९३ मधल्या कुणाचेच नाही. त्याऐवजी असा प्रसंग लिहून पाहा. रात्री उशिरा सभागृहात एक हुजूरपक्षीय सभासद हिंदुस्थानातल्या गरिबीच्या ‘अतिशयोक्ती’बद्दल प्रश्न विचारतो. उपमंत्री दादाभाईंच्या हातात कचेरीतून लिहून आलेले उत्तर आहे. कारकुनाने सुवाच्य अक्षरात लिहिले आहे की सरकारच्या अंदाजाप्रमाणे दरडोई उत्पन्न २७ रुपये आहे. सतरा वर्षे स्वतः छापत आलेला आकडा २० आहे. अडुसष्टीकडे झुकलेला म्हातारा चश्मा सारखा करतो, कागदाकडे पाहतो, आणि सभागृह वाट पाहते. २७ वाचला, तर मुंबई-पुण्यातले त्याचे लोक दुसऱ्या आठवड्याच्या टपालाने ते वाचणार. २० म्हटला, तर मंत्र्याने स्वतःच्या कचेरीला खोटे पाडले म्हणून राजीनामा. मला त्या क्षणी तो काय करील हे जाणून घ्यायला पुढचे पान उलटावेसे वाटेल. तो बहुधा दोन्ही आकडे वाचील, दोन्ही कसे काढले ते सांगू लागेल आणि अध्यक्ष त्याला थांबवतील, असा माझा अंदाज; पण ते तुम्ही ठरवा. माणूस तोच राहिला आहे, जागा बदलली आहे, आणि भाषणाची गरज उरलेली नाही.

मोकळीक किती घ्यावी, याचे माझे उत्तर यात आले. खऱ्या माणसाच्या सवयी, त्याच्या निष्ठा आणि त्याचे आंधळे कोपरे हे त्याचेच राहू द्यावे. त्याची नोकरी, त्याची जागा, त्याला भेटणारी माणसे ही आपली. यातला सर्वांत अवघड भाग निष्ठेचा आहे आणि तुम्ही तोच पुसून टाकला आहे. तुमचे दादाभाई पहिल्या पानापासून साम्राज्याचे शत्रू आहेत. खरे दादाभाई १८९२ मध्ये ब्रिटिश न्यायबुद्धीवर विश्वास ठेवून होते, आणि त्यांची मुख्य तक्रारच अशी होती की हिंदुस्थानातला कारभार पुरेसा ब्रिटिश नाही. ‘स्वराज्य’ हा शब्द त्यांनी काँग्रेसच्या व्यासपीठावरून उच्चारला तो १९०६ मध्ये, कलकत्त्याला, वयाच्या ऐंशी वर्षांनंतर. मधली चौदा वर्षे त्या माणसाला तिथपर्यंत घेऊन गेली. आज आपल्याला ती निष्ठा अडचणीची वाटते म्हणून लेखक ती झाकतो, आणि त्यासोबत कादंबरीतला सगळा प्रवासही झाकला जातो. उपमंत्रिपदाच्या खुर्चीत बसून तो विश्वास १९०६ ऐवजी १८९४ लाच तडकला, असे दाखवता आले तर तीच तुमची कादंबरी आहे.

इथे माझी स्वतःची फजिती सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वी मीही दादाभाईंवरच एक दीर्घकथा लिहिली होती. तिचा फाटा बडोद्याचा होता. १८७४ मध्ये दादाभाई मल्हारराव गायकवाडांचे दिवाण होते. राज्यकारभाराविषयीच्या तक्रारींवर आधीच एक चौकशी आयोग बसून गेला होता आणि दरबारातले इंग्रज सरकारचे प्रतिनिधी, रेसिडेंट कर्नल फेअर यांना हा दिवाण डोळ्यांसमोर नको होता. नोव्हेंबर १८७४ मध्ये फेअर यांच्या सरबतात विष घातल्याचा प्रकार झाला. दादाभाई थोड्याच काळात बडोदे सोडून गेले, मल्हाररावांवर खटल्यासारखी चौकशी चालली आणि तिच्यात सहा पंच तिघे-तिघे असे विभागले गेले. इंग्रजांनी दोषी म्हटले. जयाजीराव शिंदे, जयपूरचे महाराज आणि सर दिनकरराव यांनी आरोप सिद्ध मानला नाही. तरीही एप्रिल १८७५ मध्ये सरकारने मल्हाररावांना गैरकारभाराच्या कारणावरून गादीवरून दूर केले. माझ्या कथेत ते सरबत प्यायलाच जात नाही, फेअर यांची आधीच बदली होते आणि दादाभाई दहा वर्षे दिवाण राहून बडोद्याला आदर्श संस्थान करतात. संपादकांनी कथा परत पाठवली. समासात पेन्सिलीने एकच प्रश्न होता: ‘मल्हारराव केव्हा बदलले?’

मी तो प्रश्न आठवडाभर टेबलावर ठेवला आणि त्याला उत्तर नव्हते. मी रेसिडेंट बदलला होता, पण ज्या दरबारात न्यायसुद्धा नजराणा देऊन मिळे असा बोभाटा होता तो दरबार, आणि त्या दरबाराचा धनी, मी काही न सांगता सुधारून टाकला होता. विष नसते तरी दादाभाई आणि मल्हारराव यांचे पटले नसते. कदाचित वर्षभर उशिरा, पण दादाभाई गेलेच असते. तुमच्या सॉलिस्बरींचे आणि माझ्या मल्हाररावांचे दुखणे एकच आहे.

त्या कथेत दुसरीही एक चूक होती आणि ती मला फार नंतर दिसली. मल्हारराव गादीवर राहिले, तर मे १८७५ मध्ये आधीचे महाराज खंडेराव यांच्या विधवा जमनाबाईसाहेब यांच्या मांडीवर दत्तक द्यायला कुणाला बोलावण्याचे कारणच उरत नाही. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा गोपाळराव नावाचा बारा वर्षांचा मुलगा शेतातच राहतो. त्याचा सयाजीराव होत नाही. मग १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात सक्तीचे प्राथमिक शिक्षण सुरू होत नाही, आणि १९१३ मध्ये भीमराव आंबेडकरांना कोलंबियाला जायला बडोद्याची शिष्यवृत्ती मिळत नाही. माझ्या ‘आदर्श’ बडोद्याची किंमत एवढी होती आणि मी ती कुठेच मोजली नव्हती. आता मी नव्या लेखकाला हे हटकून विचारतो: तुमच्या बदलामुळे आपल्याला आवडणारी कोणती गोष्ट नाहीशी झाली? उत्तर ‘काहीच नाही’ असे आले तर लेखकाने फक्त इच्छा लिहिली आहे असे समजतो.

उपमंत्रिपद पटत नसेल तर आणखी एक जागा सुचवतो, आणि खरे सांगायचे तर मला ती सर्वांत जास्त आवडते. शुक्रवार, २ जून १८९३. सनदी सेवेची परीक्षा केवळ लंडनमध्ये न घेता हिंदुस्थानातही त्याच वेळी घ्यावी, असा हर्बर्ट पॉल यांचा ठराव कॉमन्समध्ये आला. दादाभाई त्यामागे होते. सरकारचा विरोध असूनही ठराव ८४ विरुद्ध ७६ मतांनी मंजूर झाला. ६७० जणांच्या सभेत १६० जणांनी मत दिले, त्यातली आठांची सरशी. पण तो ठराव होता, कायदा नव्हता. सरकारने तो हिंदुस्थानकडे मत मागवायला धाडला, मद्रास वगळता सगळ्या प्रांतिक सरकारांनी नकार कळवला आणि प्रकरण बासनात गेले. अशी परीक्षा हिंदुस्थानात प्रत्यक्ष सुरू झाली १९२२ मध्ये, अलाहाबादला. इथे लॉर्ड सभेची गरज नाही, फेरनिवडणूक नाही, नवा कायदाही बहुधा लागला नसता. अडलेल्या सरकारला कुठल्या तरी मतदानात आयरिशांबरोबर आणखी चार-सहा मते हवी होती आणि त्यांच्या बदल्यात किंबर्लींनी नाइलाजाने अंमलबजावणीचा हुकूम काढला, एवढे लिहिले की इतिहास तीस वर्षे पुढे सरकतो.

आणि पुढे सरकला की लगेच गुंतागुंत सुरू होते, जी कादंबरीकाराला हवीच असते. १८९५ मध्ये मुंबईत परीक्षेला कोण बसेल? प्रश्नपत्रिकेत लॅटिन आणि ग्रीकला भरघोस गुण आहेत. बसतील ते डेक्कन आणि एल्फिन्स्टन कॉलेजातून निघालेले पदवीधर, म्हणजे बव्हंशी ब्राह्मण, काही प्रभू, पारशी. सर सय्यद अहमद खान जिवंत आहेत आणि अशा परीक्षेला त्यांचा उघड विरोध आहे, कारण मुसलमान मागे पडतील ही त्यांची भीती निराधार नाही. जोतीराव फुले १८९० मध्ये गेले, त्यामुळे त्यांना पात्र करता येत नाही. पण नारायण मेघाजी लोखंडे आहेत, कृष्णराव भालेकर आहेत, आणि कचेरीतला भटशाहीचा जाच ही सत्यशोधकांची जुनी तक्रार आहे. गोऱ्या कलेक्टरच्या जागी पुण्याचा ब्राह्मण कलेक्टर आला, हे जुन्नरच्या कुणब्याला स्वातंत्र्य वाटले असते की जुनाच जाच वरच्या खुर्चीत बसलेला? दादाभाईंकडे या प्रश्नाचे कोष्टक तयार नव्हते. त्यांना लोखंड्यांसमोर बसवा आणि दोघांनाही खरे बोलू द्या.

विरोधकांविषयी थोडे. सॉलिस्बरींना तुम्ही मूर्ख रंगवले आहे. ते तसे नव्हते. १८८८ मध्ये एडिंबरोच्या भाषणात त्यांनीच म्हटले होते की ब्रिटिश मतदारसंघ ‘काळ्या माणसाला’ निवडून देईल असे त्यांना वाटत नाही, आणि त्या एका उद्गारामुळे होबर्नला १८८६ मध्ये आपटलेले दादाभाई देशभर प्रसिद्ध झाले. धोरणी माणसाच्या तोंडून निसटलेला शब्द त्याच्याच विरोधकाला कसा उभा करतो, हा प्रसंग तुमच्या हस्तलिखितात कुठेच नाही. आणि तुम्ही मंचेरजी भावनगरींना विसरलात, हे मला खरोखर आश्चर्याचे वाटले. तेही मुंबईचे, तेही पारशी, पण हुजूरपक्षाचे. १८९५ मध्ये, म्हणजे दादाभाई ज्या निवडणुकीत पडले त्याच निवडणुकीत, ते लंडनच्या बेथनल ग्रीनमधून निवडून आले. नायकाच्या समोर त्याच्याच भाषेत बोलणारा, त्याच्याच अग्यारीत जाणारा प्रतिस्पर्धी इतिहासाने फुकट दिला असताना कल्पित गोरा खलनायक कशाला हवा?

जाता जाता, जे बदलत नाही त्याचीही नोंद ठेवा. तुमच्या कथेत १८९६ नंतर मुंबईत प्लेग आलेला दिसत नाही आणि दुष्काळही पडत नाही. प्लेगचा उंदीर मतदान पाहून जहाजात चढत नाही. तो हाँगकाँगच्या बाजूने येणारच आणि १८९६-९७ व १८९९-१९०० ला पाऊस दडी मारणारच. बदलेल ते एवढेच, की पुण्यात घरे तपासायला कोण येते, कुणाच्या हुकुमाने, आणि २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीतून परतणाऱ्या गाडीत रँड असतो की आणखी कुणी. कदाचित त्या गाडीत नव्या परीक्षेतून आलेला एखादा देशी अधिकारी बसलेला असेल. तसे झाले तर चाफेकर बंधू काय करतात, हे मला माहीत नाही. तुम्हाला ठरवावे लागेल, आणि त्या प्रकरणासाठी मी पुस्तक विकत घेईन.

कामाची माझी रीत साधी आहे. एका वहीत डाव्या पानावर घडलेले, उजव्या पानावर बदललेले, आणि उजवीकडच्या प्रत्येक ओळीसमोर ‘कुणामुळे’ हा शब्द. ‘कुणामुळे’पुढे काही लिहिता आले नाही, की ती ओळ खोडायची. तुमच्या हस्तलिखिताला हे लावले तर माझ्या हिशेबाने मंत्रिपद, विधेयक आणि मुंबईचे सरकार या तिन्ही ओळी जातात. फिन्सबरीचा निकाल, उपमंत्रिपद किंवा २ जूनचा ठराव यांपैकी एक ओळ उरते. तीनशे पाने फाडा असे मी म्हणत नाही. पहिली चार प्रकरणे, विशेषतः क्लार्केनवेलमधली दारोदार फिरण्याची आणि आयरिश मतदारांशी बोलण्याची, चांगली उतरली आहेत आणि ती कुठल्याही फाट्याला चालतील. पाचव्यापासून पुन्हा लिहा. सुरुवात कारकुनाने दिलेल्या त्या कागदापासून करता आली तर पाहा, आणि कागदावरचा आकडा २७ असू द्या.